घरगुती खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्या बायकांचे नेहमीचे प्रश्न

मसाले, चकल्या, लोणची, डबे, पुरणपोळ्या, उन्हाळी वाळवण. या धंद्यात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या बायकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी लोक अडतात. बाकीची थोडक्यात आहेत.

बायका धंद्यात नव्यानेच उतरल्या आहेत का?

अजिबात नाही. मुंबईतली मासळी कोणी विकली? कोळणींनी. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचं जेवण कोणी घातलं? खानावळी चालवणाऱ्या बायकांनी. या खानावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारात नेण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याच्याही आधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्यातून लिज्जत झालं. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे बासष्ट वर्षांनी.

उणीव आहे ती धंदा वाढण्यात. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापनांपैकी ८० लाखांच्या आसपास बायकांच्या होत्या, म्हणजे साधारण १४ टक्के. त्यातही दहातल्या आठांहून जास्त ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. मालकीण तीच, कामगार तीच, हमालही तीच.

मग धंदा वाढत का नाही? आत्मविश्वास कमी पडतो का?

हे उत्तर व्यासपीठावरून फार ऐकायला मिळतं. ते सोयीचं आहे, कारण आत्मविश्वास वाढवायला एक भाषण पुरतं. ज्या बाईने दुष्काळात घर चालवलं, तिला कोणता आत्मविश्वास द्यायचा राहिला आहे?

माझ्या मते तीन गोष्टी अडवतात. तिचा वेळ तिचा नसतो, तिच्या नावावर काही नसतं आणि स्वतःच्या मजुरीची किंमत ती शून्य धरते. भांडवल, बाजार, प्रशिक्षण, परवाने हे सगळं त्यानंतर येतं.

वेळेचं सांगायचं तर, केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात, पुरुषांची ८८. म्हणजे जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. यात मुलांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं करणं धरलेलंच नाही. ज्या धंद्याला दिवसाचे सलग चार तास लागतात, तो करायला तिला पहाटे साडेचारला उठावं लागतं. आणि पहाटे साडेचारला बँक उघडी नसते, घाऊक बाजारातला दुकानदारही फोन उचलत नाही.

दर कसा ठरवायचा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्या बायका सगळ्यात कमी. बहुतेक जणी शेजारची काय दराने देते ते बघतात आणि त्याहून दहा रुपये कमी लावतात. शेजारचीनेही तसंच केलेलं असतं.

एक किलो चकली घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे घाला. भाजणीचं धान्य, भाजणं आणि दळण मिळून ९० रुपये. तेल, शोषलं गेलेलं आणि तळून टाकून द्यावं लागणारं धरून, ७०. तीळ, ओवा, तिखट, मीठ १५. गॅस २०. पिशवी आणि लेबल १५. झाले २१०. आता ती चकली ३०० ला विकली, की "नव्वद रुपये सुटले" असं म्हणतात.

सुटले नाहीत. उकड काढणं, मळणं, पाडणं, तळणं, गार करून भरणं याला किलोमागे दीड तास धरा. शिवाय काही चकल्या तुटतात, काही मऊ पडतात, एखादा घाणा बिघडतो. त्याचे १५ रुपये काढा. उरले ७५. म्हणजे तासाला पन्नास रुपये, तेही कढईसमोर उभं राहून. नफा कुठे आहे यात? ही तर मजुरीच आहे, आणि तीही कमी.

आता उलट्या बाजूने मांडा. साहित्य २१०, तुमची मजुरी तासाला ७० प्रमाणे १०५, तूटफूट १५. एकूण ३३०. इथून पुढे नफा सुरू होतो. दुकानात ठेवायची असेल तर दुकानदार छापील किमतीवर वीस टक्के तरी कापणार. छापील किंमत ४८० असेल तर त्याचे ९६ गेले, तुमच्या हाती ३८४ आले, नफा ५४. याच ५४ रुपयांतून उद्याची मोठी कढई, पाऊस लागल्यावर पडून राहिलेला माल आणि आजारपणातले दिवस निघायचे असतात.

"पण ४८० ला कोण घेणार?" कदाचित कोणीच घेणार नाही. मग ती चकली दुकानात ठेवू नका, थेट गिऱ्हाइकाला ४०० ला द्या. किंवा चकली सोडून भाजणी विका, जिला तेल लागत नाही, तळणं नाही, आणि जी टिकते जास्त. हिशेब मांडला की असे रस्ते दिसतात. न मांडता नुसता दर उतरवत गेलं, की तिसऱ्या दिवाळीला पाठ धरते आणि धंदा बंद होतो.

मजुरी वेगळी मोजणं जमतं याचा मोठा पुरावा लिज्जतच्या कामाच्या पद्धतीत आहे. पीठ केंद्रावर मळलं जातं, बहिणी ते घरी नेतात, लाटून वाळवलेले पापड परत आणून देतात, वजन होतं आणि लाटणावळ वजनावर मिळते. नफ्यातला वाटा त्यानंतर आणि वेगळा. कोणाचंही लाटणं फुकट धरलं जात नाही.

नातेवाइकांना कोणत्या दराने द्यायचं?

त्याच दराने. फार वाटलं तर एक पाकीट भेट द्या, पण बिल पूर्ण करा.

कायदेशीर काय काय लागतं? घरच्या घरी करतो, तरी?

घरच्या घरी करून विकत असाल तरी अन्नसुरक्षेची, म्हणजे लोक ज्याला "एफएसएसएआय" म्हणतात ती नोंदणी लागते. लहान उलाढालीला पूर्ण परवाना लागत नाही, साधी नोंदणी चालते. अर्ज ऑनलाइन होतो आणि सरकारी शुल्क अगदी किरकोळ असतं. एजंट दोन-तीन हजार सांगेल. तो त्याच्या फॉर्म भरण्याचे पैसे मागतो आहे हे लक्षात ठेवून काय ते ठरवा. नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, किंमत, पत्ता आणि शाकाहारी असेल तर हिरवी खूण.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, पंधरा मिनिटांत होते. पॅन नसलेल्या अगदी छोट्या धंद्यांसाठी २०२३ पासून उद्यम असिस्ट नावाची सोय आहे, ती बँकेमार्फत होते.

शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्याचा, बाऊ करू नका. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटीचं म्हणाल तर आपल्याच राज्यात माल विकत असाल आणि वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. डबे किंवा खानावळ असेल तर मात्र ती सेवेत धरतात आणि मर्यादा २० लाखांची होते. पापडावर तर जीएसटीच नाही.

कर्जासाठी बँक नवऱ्याची सही मागते. कायद्याने लागते का?

नाही. छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्राच्या मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत मिळतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देशच आहेत. पण शाखेत गेल्यावर "मिस्टरांना घेऊन या" हे ऐकू येतंच. अशा वेळी भांडण्यापेक्षा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी कारण द्यायची वेळ आली की बऱ्याच शाखांचा सूर बदलतो.

मुद्राच्या एकूण खात्यांत जवळपास दोन तृतीयांश बायकांची आहेत, ही चांगली गोष्ट. त्यातली बहुसंख्य शिशु गटातली आहेत, ही तितकीशी चांगली नाही. पन्नास हजारांत पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं यंत्र, येतो, पण त्याच्यासाठी थ्री-फेज कनेक्शन, गाळा आणि तीन महिन्यांच्या मिरचीचा साठा येत नाही. आणि मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये भरली नाही, तर वर्षभर महाग घ्यावी लागते.

मोठं कर्ज हवं असेल तर?

मग गाडी तारणावर येते आणि तारण म्हणजे बहुतेकदा जमीन किंवा घर. इथे एक जुना हिशेब निघतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला. तेव्हा तो लग्न न झालेल्या मुलींपुरता होता, केंद्राने २००५ मध्ये सगळ्या मुलींना देशभर दिला. हक्क मिळाला आणि हक्कसोडपत्रांची रांग लागली. भाऊ साडीचोळी करतो, माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. तिने काय करावं हे सांगणारी मी कोण? पण पाच वर्षांनी तीच बहीण बँकेत जाते आणि तिला विचारलं जातं, तुमच्या नावावर काय आहे? सही करण्याआधी हा प्रश्न कोणीतरी तिच्यापुढे ठेवायला हवा होता, एवढंच.

शेतकरी संघटनेने या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला होता. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम झाली आणि अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. आज घर घेताना बाईच्या नावावर खरेदीखत केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, एप्रिल २०२१ पासून. निदान त्या एक टक्क्याच्या लोभाने तरी नाव लागू दे.

बचत गटातून करावं की एकटीने?

कर्ज गटातून, धंदा शक्यतो एकटीने किंवा दोघी-तिघींनी. हे माझं मत आहे आणि गटवाल्यांना ते आवडत नाही.

गटाची पंचसूत्री उत्तम आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांना जोडायला सुरुवात केली, राज्याचं महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) तर १९७५ पासून आहे, पुढे राज्याचं ग्रामीण भागासाठीचं उमेद अभियान आलं. या सगळ्यांमुळे खेड्यातल्या बाईला बँकेची पायरी ओळखीची झाली. पण दहा जणींनी मिळून मसाला कांडायचा म्हटलं की चौघी येतात, तिघींची लग्नकार्यं निघतात, दोघी "घरी विचारून सांगते" म्हणतात आणि अध्यक्षीण रात्री एकटी पाकिटं चिकटवत बसते. नफा मात्र दहा जणींत.

अपवाद आहेत. दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या कमल परदेशी यांनी शेतमजूर बायकांना घेऊन अंबिका मसाला उभा केला, तो गटातूनच. गटाने धंदा करायचाच असेल तर हजेरी लिहा, कामाची मजुरी कामावर द्या, आणि नफ्याचं नंतर बघा.

दर आठवड्याला घरी येऊन हप्ता नेणाऱ्या कंपन्यांचं कर्ज घ्यावं का?

त्याच पैशातून माल घेऊन आठवड्यात विकला जाणार असेल तर विचार करा. लग्न, दवाखाना किंवा दुसऱ्या कंपनीचा हप्ता यासाठी घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज बिनतारणी मिळतं, आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमच्या हप्त्यांची बेरीज तुम्हीच करा. वसुलीला येणारा मुलगा ती करून देणार नाही.

धंदा माझ्या नावावर आहे, पण व्यवहार हे बघतात. चालेल ना?

अनुदान मिळवायला चालतं, म्हणून तर इतकं होतं. पण मग तो तुमचा धंदा नाही.

एका प्रदर्शनात मसाल्याच्या स्टॉलवर एक बाई दिवसभर उभी होती. घसा बसेपर्यंत बोलत होती, चव देत होती, आणि मापही तीच करत होती. टेबलावर क्यूआर कोडचा चौकोन होता. पैसे भरल्यावर नाव आलं ते मुलाचं. संध्याकाळी किती जमले हे तिला मुलाला फोन करून विचारावं लागलं, आणि तो फोन उचलत नव्हता. घरात भांडण नाही, मुलगा वाईट नाही. फक्त "आईला काय कळतं मोबाइलमधलं" असं कधीतरी ठरून गेलं होतं.

धंद्याचं खातं वेगळं, तुमच्या एकटीच्या नावाचं, त्याला जोडलेला मोबाइल तुमच्या हातात, आणि पिन दुसऱ्या कोणाला माहीत नाही. कोणत्याही योजनेचा अर्ज भरण्याआधी एवढं करा. लाडकी बहीणच्या निमित्ताने लाखो बायकांची खाती चालती झाली, त्याच बँकेत धंद्याचं वेगळं खातंही काढता येतं.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची गोष्ट इथे आठवते. चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायची म्हणून अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत या कारणावरून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय करायला सांगा, असं म्हणाल्या. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

घरचे "कशाला नसता उपद्व्याप" म्हणतात. काय करू?

याला एकच उत्तर नाही. सासूबाईंना कामात घेतल्यावर विरोध मावळला, असं पुष्कळ घरांत झालेलं आहे. लोणच्याचं प्रमाण शेवटी त्यांनाच ठाऊक असतं, आणि त्याचे पैसे त्यांच्या हातात पडले की घराचं वातावरण बदलतं. पण फुकट राबवू नका, त्यांचीही मजुरी धरा. नवरा डिलिव्हरी करत असेल तर पेट्रोल धरा. जिथे मारहाण आहे किंवा पैसे हिसकावले जातात, तिथे हा प्रश्न धंद्याचा राहत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

माल खपवायचा कुठे?

महालक्ष्मी सरस, भीमथडी जत्रा, तालुक्याची प्रदर्शनं, सोसायट्यांचे दिवाळी बाजार. चार दिवसांत गल्ला भरतो आणि मग पुढचे तीन महिने शांतता, असं तिथे होतं. त्यामुळे प्रदर्शनात नुसता माल विकू नका, गिऱ्हाइकांचे नंबर घ्या. पुन्हा मागवणारी पन्नास घरं जोडली तर ती कुठल्याही स्टॉलपेक्षा भारी.

व्हॉट्सॲपवर दर शनिवारी यादी टाका, ऑर्डर सोमवारपर्यंत घ्या, पैसे आगाऊ घ्या. नंतरचे पैसे मागताना आपल्या बायकांना जो संकोच वाटतो, त्यात धंदा बुडतो. परदेशातल्या मराठी मंडळींना फराळ पाठवणं हे आता मोठं काम झालं आहे, पण तिथल्या कस्टमचे नियम देशागणिक वेगळे असतात, आणि कुरियरचा खर्च बऱ्याचदा मालापेक्षा जास्त होतो. तो गिऱ्हाइकाला आधी सांगा.

सरकारी खरेदीकडे फारसं कोणी बघत नाही. केंद्राच्या मंत्रालयांनी आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीतली ३ टक्के महिला उद्योजकांकडून करावी असा नियम २०१८ पासून आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते.

अनुदानाच्या योजना कोणत्या?

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात महिलांना ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. राज्याचा मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमही त्याच धर्तीवर चालतो. दोन्हींसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा. खाद्यप्रक्रियेसाठी केंद्राची ३५ टक्क्यांची वेगळी योजना आहे, तिची मुदत चालू आहे का ते कृषी कार्यालयात विचारा. अनुदान लगेच हातात पडत नाही. ते बँकेत अडकवून ठेवतात आणि कर्ज नीट फेडलं तर नंतर खात्यात वळतं करतात. "दहा टक्के द्या, मंजूर करून आणतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

शिवण, ब्यूटी पार्लर, पापड-लोणची. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे, आणि एकाच गल्लीत पाच पार्लरं उघडतात. पदार्थ तुम्हाला येतोच. शिकायचं असेल तर हिशेब, पॅकिंग, माल किती दिवस टिकतो याची तपासणी आणि मशीन दुरुस्त करणं शिका. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निवासी प्रशिक्षण मोफत असतं. लहान मूल असेल तर सोबत आणता येईल का, हे आधी विचारून घ्या.

आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. कर्ज अडेल का?

अडेल. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, त्यामुळे तीन कागदांवर तीन बायका दिसतात. कोणतं नाव ठेवायचं ते तुम्ही ठरवा, माहेरचं ठेवलं तरी कायद्याला काही हरकत नाही. मग आधार, पॅन, बँक खातं, उद्यम आणि अन्नसुरक्षा नोंदणी या पाचही ठिकाणी तेच नाव, स्पेलिंगसकट, करून घ्या. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला बहुतेक ठिकाणी पुरतो, नाहीतर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं. हे काम कर्जाच्या अर्जाआधी दोन महिने हातात घ्या, आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव कसं लागलं आहे तेही त्याच फेरीत बघून या.